हिरव्या लॅम्पशेडचा सूर

गेल्या वर्षी कोजागरीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळांची भजन स्पर्धा झाली. आमचं मंडळ दरवर्षीचं. पेटी, तबला, टाळ आणि बारा जणींचे गळे, एवढाच आमचा सरंजाम. आमच्यानंतर जे मंडळ आलं, त्यांनी सोबत कीबोर्ड वाजवणारा एक कॉलेजचा मुलगा आणला होता. त्यांच्या बायका आमच्यापेक्षा काही फार सुरेल नव्हत्या (हे मी निकाल विसरून लिहितेय, बरं का!), पण त्यांनी पहिली ओळ उचलली आणि सभागृह भरून गेल्यासारखं झालं. गाण्याच्या मागे काहीतरी पसरलं होतं. ते नेमकं कुठे सुरू झालं हे कळलं नाही, आणि थांबलं तेव्हाच ते होतं हे जाणवलं. पहाटे नदीवर धुकं असतं ना, तसं. पहिला नंबर अर्थातच त्यांचा आला.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना मी त्या मुलाला गाठलं आणि विचारलं, मागे काय लावलं होतंस रे? तो म्हणाला, काही नाही काकू, पॅड लावला होता. पॅड म्हटल्यावर आमच्यातल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मुलगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. विषय तिथेच राहिला.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो ध्वनिमुद्रणाचा कोर्स करतोय. त्याला विचारलं तर त्याने लॅपटॉप उघडून मला अर्धा तास बसवूनच ठेवलं. पॅड म्हणजे कीबोर्डमधला एक लांबच लांब, मऊ सूर. तबल्यावर थाप पडते तसा तो एकदम येत नाही, हळूच उगवतो आणि हळूच मावळतो. पण खरी गंमत थरांत आहे. त्याने आधी एक खालचा, खर्जासारखा सूर ऐकवला. एकटा ऐकला तर फ्रीजची घरघर वाटावी. मग त्यावर माणसांच्या घोळक्याने आऽऽ केल्यासारखा एक. त्यावर नुसत्या श्वासासारखा, वाऱ्यासारखा तिसरा. तिन्ही एकत्र लावले आणि माझ्या अंगावर काटा आला. शिवाय त्यातले दोन सूर तो मुद्दाम किंचित वेगळे ठेवतो. एक सेकंदाला ४४० वेळा कंप पावणारा असेल तर दुसरा ४४१ वेळा. मग दर सेकंदाला एक हलकीशी लाट उठते आणि सूर जिवंत वाटतो. आपल्या पेटीत एका पट्टीला दोन-दोन स्वरपट्ट्या असल्या की आवाज जसा भरदार होतो, तसंच काहीसं.

लॅपटॉप बंद करताना तो सहज म्हणाला, मावशी, आम्हाला हे दोन मिनिटांत जमतं. पण बाजारात सिंथेसायझर यायच्या आधी एका बाईने हेच काम कात्री आणि ब्लेड घेऊन केलं होतं. एकेका सुरासाठी तिला दिवसच्या दिवस लागायचे.

कोण बाई? तिचं नाव डीलिया डार्बिशर. त्या दिवसापासून ही बाई माझ्या डोक्यातून जात नाही. भाच्याकडून मागवून, मिळेल ते वाचून, ऐकून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

डीलियाचा जन्म ५ मे १९३७चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरात. वडील पत्राकाम करणारे कामगार. घर साधंच, कामकरी वस्तीतलं. पोर मात्र विलक्षण चलाख. चौथ्या वर्षी शाळेत ती बाकीच्या मुलांना लिहा-वाचायला शिकवायची.

ती साडेतीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्बचा पाऊस पाडला. एका रात्रीत पाचशेहून अधिक माणसं गेली. शहराचं जुनं चर्च जळून नुसत्या भिंती उरल्या. त्या काळात विमानं येताना भोंगा वाजायचा, तो वर-खाली होणारा, पोटात गोळा आणणारा. आणि संकट टळलं की दुसरा भोंगा वाजायचा, एकाच सुरात, न हलता, लांबच लांब. डीलियाने पुढे आपल्या मुलाखतींमधून सांगितलं की आपल्या संगीताचं मूळ या भोंग्यांत आहे. कुठून आवाज येतोय ते दिसत नाही, कोण वाजवतंय ते ठाऊक नाही, पण तो सगळं आकाश व्यापतो. लहान मुलाच्या कानाला तेच अमूर्त संगीत.

मला हे वाचून फार वेळ काही सुचलं नाही. अंगाई ऐकायच्या वयात या मुलीने भोंगे ऐकले, आणि त्यातला तो दुसरा, सुटकेचा लांब सूर तिने बहुधा जन्मभर जपून ठेवला. हा माझा तर्क आहे, पण तिचं काम ऐकल्यावर तुम्हालाही तसंच वाटेल.

बॉम्बहल्ल्यानंतर तिला उत्तरेकडे प्रेस्टनला पाठवलं. आई-वडील मूळचे तिकडचेच. प्रेस्टन म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. भल्या पहाटे गिरणी कामगार लाकडी तळव्यांचे बूट घालून दगडी रस्त्यावरून कामाला निघायचे, त्याचा खटखट आवाज हीसुद्धा तिची एक कायमची आठवण. कोल्हापूर, सोलापूर, इचलकरंजीकडच्या मैत्रिणींना गिरणीचा भोंगा आणि पहाटेची पावलं वेगळी समजावून सांगायला नकोत.

आठव्या वर्षी घरी पियानो आला. शाळेत गणित उत्तम. १९५६ साली तिला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही विद्यापीठांनी प्रवेश देऊ केला. कामगाराच्या मुलीला, त्या काळात! तिने केंब्रिजचं गर्टन हे मुलींचं कॉलेज निवडलं, शिष्यवृत्तीवर. आणि केंब्रिज विद्यापीठाने बायकांना रीतसर पदवी द्यायला सुरुवात केली होती १९४८मध्ये. म्हणजे डीलिया तिथे पोचली त्याच्या अवघी आठ वर्षं आधी. इंग्लंडमध्ये बायकांना सगळं आधीपासून मिळत होतं असा आपला एक समज असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिने गणित घेतलं आणि पुढे संगीताकडे वळली. १९५९ला गणित आणि संगीत अशा दोन्हींची पदवी घेऊन ती बाहेर पडली. डोक्यात एकच, आवाजाचं काम करायचं. डेका ही तेव्हाची मोठी रेकॉर्ड कंपनी. तिथे तिने अर्ज केला. उत्तर आलं की आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. गुणांचा, पदवीचा प्रश्नच नाही, फक्त बाई आहे म्हणून. दार बंद.

मग तिने पोटासाठी मिळेल ते केलं. जिनिव्हाला जाऊन अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, कुणाला पियानो, कुणाला गणित. तिथल्याच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत काही महिने सहायकाची नोकरी केली. परत येऊन प्राथमिक शाळेत शिकवलं, लंडनमध्ये संगीताच्या प्रकाशकाकडे काम केलं. आणि नोव्हेंबर १९६०मध्ये ती बीबीसीत शिकाऊ सहायक म्हणून लागली.

बीबीसीत त्या वेळी एक आडवळणाचा विभाग होता, रेडिओफॉनिक वर्कशॉप. लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या इमारतीत १९५८ साली तो सुरू झाला होता. रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांना लागणारे जगावेगळे आवाज तिथे तयार व्हायचे. तो सुरू व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत डॅफनी ओरॅम ही दुसरी एक बाई पुढे होती. वर्षभरातच ती तिथून बाहेर पडली आणि स्वतःचा स्टुडिओ काढून बसली. तिच्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. बाकी बीबीसीवाल्यांना या विभागात पाठवणं म्हणजे शिक्षा वाटायची. डीलियाने मात्र आपण होऊन तिथली बदली मागून घेतली. एप्रिल १९६२.

तिथे वाद्य म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. ऑसिलेटर नावाची यंत्रं होती. बटण फिरवलं की सरळसोट एक सूर काढणारी, खरं तर इंजिनिअर लोकांनी उपकरणं तपासायला वापरायची. अशी बारा होती. आणि टेपरेकॉर्डर होते, मोठ्या चकत्यांचे. आपल्याकडे कॅसेटची फीत गुंतली की आपण पेन्सिल घालून फिरवायचो, आठवतं? तशीच फीत, पण रुंद आणि भराभर पळणारी. सेकंदाला पंधरा इंच. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर हवा तर साडेसात इंच फीत मोजायची, ब्लेडने कापायची, पुढच्या सुराच्या फितीला चिकटवायची. फीत निम्म्या वेगाने फिरवली की सूर एक सप्तक खाली, दुप्पट वेगाने फिरवली की एक सप्तक वर. मधल्या सुरांसाठी नेमका किती वेग, ते डीलिया लॉग टेबलचं पुस्तक घेऊन काढायची. शाळेत ज्या लॉग टेबलला आपण शिव्या घातल्या, त्यातून ही बाई सूर काढत होती!

पुढच्याच वर्षी तिच्याकडे ते काम आलं, ज्याने तिचं नाव व्हायला हवं होतं. बीबीसी टीव्हीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू व्हायची होती. काळातून पुढेमागे फिरणाऱ्या एका अवलियाची गोष्ट. तिच्या सुरुवातीची धून रॉन ग्रेनर या संगीतकाराने लिहून दिली. लिहून म्हणजे काय, एकच कागद. त्यावर थोडे स्वर, आणि ढग, वारा, बुडबुडे अशा काही खुणा. त्या कागदाचा आवाज करायचा ते डीलियाने. मदतीला डिक मिल्स हा सहकारी.

खालचा ठेका तिने ताणलेली एक तार छेडून तयार केला. तार छेडली एकदा. तो एकच आवाज टेप करून वेगवेगळ्या वेगाने वाजवत त्याचे सगळे स्वर बनवले, प्रत्येक स्वर कापून, मोजून, जोडून. वरची चाल ऑसिलेटरची, हाताने बटण फिरवत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी. आणि ढग-वारा म्हणजे रेडिओवर स्टेशन लागत नसताना जी खरखर येते तसला आवाज गाळून, चाळून काढलेला. आता हे तिन्ही थर एकत्र कसे करायचे? आजच्यासारखं एका यंत्रावर चोवीस आवाज शेजारी ठेवायची सोय नव्हती. तीन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे, तिघांची बटणं एकदम दाबायची आणि देवाचं नाव घ्यायचं. एकदा काही केल्या जुळेना. कुठेतरी एक सूर जास्तीचा पडला होता. तेव्हा त्यांनी सगळ्या फिती इमारतीच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी-शेजारी पसरल्या आणि जोड मोजत गेले. चुकलेला सूर तसा सापडला. कापड बेतताना काठ जुळत नाही म्हणून आपण सगळं पुन्हा जमिनीवर पसरतो, अगदी तसंच मला ते दिसतं.

ग्रेनरने ऐकलं आणि त्याला आपलीच धून ओळखू येईना. तो माणूस मनाने चांगला. हिला सहसंगीतकार म्हणून श्रेय मिळावं अशी त्याने खटपट केली. पण बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपमधल्या नोकरांची नावं लावायची नाहीत, फक्त विभागाचं नाव. डीलिया पगारी नोकर, तेव्हा पगार मिळाला, विषय संपला. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, अमेरिकेत केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिचं ते काम थोड्याफार फेरफारांनी १९८०पर्यंत दर आठवड्याला लाखो घरांत वाजत राहिलं. घरोघरची मुलं ती धून वाजली की सोफ्याकडे धावायची. ती कुणी केली हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

इथे मला जरा माझंही बोलू द्या. मी एका संस्थेचा वार्षिक अहवाल नऊ वर्षं लिहिला. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. गावोगावच्या बचत गटांचे आकडे, बायकांच्या हकिगती, सगळं. छापून आला की खाली असायचं, कार्यकारी मंडळ. कुणी वाईट बुद्धीने केलं असं मी म्हणणार नाही. पद्धतच तशी होती. आणि तेच जास्त लागतं. माणसाशी भांडता येतं, पद्धतीशी भांडायला कुठे जायचं? डीलियाच्या गोष्टीत मी या जागी थांबले ती म्हणूनच.

पण तुम्ही तिचं एकच काही ऐकणार असाल तर ते ‘डॉक्टर हू’ नको. ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ ऐका. निळे बुरखे आणि सोनेरी वाळू. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवर माहितीपट दाखवला. हे लोक निळी वस्त्रं घालून तोंड झाकून उंटांवरून फिरतात. त्यासाठी वाळवंटाचा आवाज हवा होता. आता वाळवंटाला कसला आलाय आवाज? ऊन, वाळू, लांबवर हळूहळू चाललेली उंटांची रांग. तिथे ढोल-ताशा चालणार नाही. नुसती उष्णता ऐकू यायला हवी.

वर्कशॉपमध्ये हिरव्या रंगाची एक पत्र्याची लॅम्पशेड होती, दिव्यावरची टोपी. जुन्या कचेऱ्यांत टांगलेली असायची तसली. ती टकटक केली की छान घुमायची. डीलियाला तो आवाज फार आवडायचा. तिने ती वाजवून टेप केली. मग फितीवरचा पहिला भाग, म्हणजे टकटक पडते तो आघात, कापून फेकून दिला. उरली ती नुसती आस, मागे रेंगाळणारा नाद. तोही एकदम सुरू न करता शून्यातून हळूहळू वर आणला.

ही युक्ती समजली ना, तर सगळं समजलं. तुम्ही घरी करून बघा. देवघरातली घंटा वाजवा. आपण घंटा म्हणून ओळखतो ते त्या पहिल्या टणत्कारामुळे. तो काढून टाकला तर मागचा नाद घंटेचा आहे हे आपल्याला ओळखूही येणार नाही. तो कुठल्याच वस्तूचा राहत नाही, नुसती हवा होतो. आज कीबोर्डवरच्या पॅडमागे हेच तत्त्व आहे, आघात नाही आणि आस लांब.

पण तिचं तेवढ्यावर समाधान होईना. टेप केलेला नाद किती लांबणार, संपतोच. तेव्हा तिच्यातली गणिताची बाई पुढे आली. कुठल्याही घुमणाऱ्या वस्तूच्या आवाजात एकच सूर नसतो. लहान-मोठे कितीतरी सूर एकावर एक बसलेले असतात. तिने लॅम्पशेडच्या आवाजाची अशी फोड केली, त्यातले सगळ्यांत ठळक बारा सूर निवडले आणि वर्कशॉपमधले ते बारा ऑसिलेटर एकेका सुरावर लावले. म्हणजे लॅम्पशेड बाजूला ठेवून तिचा आवाज पुन्हा विणला, बारा धाग्यांनी. आता तो कितीही लांबवता येत होता. एखादा धागा हळूच पुढे आणावा, एखादा मागे सारावा. ऐकताना वाळूवरून उन्हाची झळ थरथरत वर जाते असं वाटतं, ते या बारा सुरांमुळे.

आणि उंटांची पावलं? तो तिचा स्वतःचा आवाज. तोंडाने काढलेला, टेप केलेला, कापून बदललेला. म्हणजे ते उंट तिच्याच गळ्यावरून चालत गेले आणि पाठीवर तिची हिरवी लॅम्पशेड होती. ती स्वतःही ही गोष्ट मोठ्या गमतीने सांगायची.

भाचा म्हणतो, आज एक बटण दाबून जो थर लागतो त्यात आणि यात फरक एवढाच की हिला प्रत्येक थर काय आहे ते माहीत होतं. कुठला धागा कशाचा, किती जाड, किती वेळ. म्हणून तिच्या आवाजात गर्दी होत नाही. नवशिके थरावर थर चढवत जातात आणि शेवटी नुसता चिखल होतो. मसाल्याचंच घ्या ना. सगळेच डबे उघडले तर आमटी होत नाही. खालचा सूर एकाने सांभाळावा, मधली जागा गाणाऱ्यासाठी मोकळी सोडावी, वर थोडी झुळूक ठेवावी, असं काहीसं त्याचं गणित आहे. आमच्या भजनात बारा जणी एकाच पट्टीत, एकाच जोराने गातो आणि पुन्हा पेटीवालाही तेच वाजवतो, त्याचं कारण मला त्या दिवशी जरा कळलं!

१९६४-६५मध्ये तिने बॅरी बर्मांज या लेखकाबरोबर रेडिओसाठी चार कार्यक्रम केले. पहिल्यात साधी माणसं आपापली स्वप्नं सांगतात. पळतोय, पडतोय, पाण्यात बुडतोय. बाकीच्यांत देव, मरणानंतरचं जग, म्हातारपण. माणसांचं बोलणं वर आणि खाली डीलियाचे ते लांब, सावकाश बदलणारे सूर. मी ‘ड्रीम्स’ रात्री अकरा वाजता इअरफोन लावून ऐकलं आणि नंतर मागच्या दाराची कडी दोनदा तपासली. तिथेही श्रेय लेखकाचं आणि विभागाचं.

नोकरीबाहेरही तिची धडपड चालूच होती. मित्रांबरोबर छोटे गट काढले, मोडले. टोपणनावांनी काम केलं. ‘व्हाइट नॉइज’ या नावाखाली १९६९ साली ‘अॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ ही रेकॉर्ड निघाली, ती आज या संगीतातल्या जाणकारांच्या कपाटात हटकून असते. तेव्हा मात्र फारशी खपली नाही.

मग सिंथेसायझर आले. तुम्ही म्हणाल, आता हिचे दिवस आले. झालं उलटंच. १९७०च्या सुमारास वर्कशॉपमध्ये कपाटाएवढा एक सिंथेसायझर दाखल झाला. जे सूर काढायला तिला आठवडा लागायचा ते तो क्षणात काढू लागला. पण ते त्याचे सूर होते. १९७२मध्ये ‘डॉक्टर हू’ची धूनही त्या यंत्रावर नव्याने करून पाहिली. ती पटली नाही, जुनीच चालू ठेवली. डीलियाचं मन त्या यंत्रात रमलं नाही. कामाचे तगादे मात्र वाढत गेले. हवंय उद्या, द्या आज. रात्र-रात्र जागून काम करायची तिची सवय, त्यात थकवा, त्यात दारू. १९७३मध्ये तिने बीबीसी सोडली. थोड्याच दिवसांत संगीतही सोडलं. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

छत्तिसाव्या वर्षी! पुढे तिने काय केलं माहितीये? उत्तरेकडे वायूचे नळ टाकणाऱ्या कंपनीत रेडिओ ऑपरेटरची नोकरी. निरोप घ्यायचे, निरोप द्यायचे. एक लग्न झालं, ते टिकलं नाही. काही काळ ली युआन-चिया या चिनी चित्रकाराच्या कलादालनात मदतनीस होती, काही काळ पुस्तकांच्या दुकानात. १९८०पासून नॉर्थॅम्प्टनला जोडीदाराबरोबर घर केलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. या वर्षांबद्दल लिहिणारे लोक हळहळतात, केवढी प्रतिभा वाया गेली म्हणतात. मला तसं सरसकट म्हणवत नाही. एखादीने एवढं काम केल्यावर नुसतं राहावं, यात वाया काय गेलं? पण ती घरी गप्प बसली की तिला गप्प केलं गेलं, हे मात्र मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

१९९०च्या दशकात तरुण पोरं तिला शोधत आली. ही मुलं घरच्या कॉम्प्युटरवर संगीत करणारी. आपण ज्याला नवीन म्हणतो ते या बाईने तीस वर्षांपूर्वी ब्लेडने केलं होतं, हे त्यांना उमगलं होतं. सॉनिक बूम या नावाने ओळखला जाणारा पीटर केंबर तिच्याशी फोनवर तासन्‌तास बोलायचा. तिचा हात पुन्हा चालायला लागला होता. तेवढ्यात कर्करोग. त्यातून सावरत असताना मूत्रपिंडं निकामी झाली आणि ३ जुलै २००१ला ती गेली. चौसष्ट वर्षांची होती.

तिच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. नाश्त्याच्या सीरिअलच्या रिकाम्या खोक्यांत भरून ठेवलेल्या. आपण नाही का जुनी पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवत? सोबत कागदांची चळत, आकडेमोड, सुरांच्या नोंदी. आता ते सगळं मँचेस्टर विद्यापीठाकडे आहे, २००७पासून. त्यांत १९६०च्या दशकातली एक छोटीशी टेप निघाली. तिच्यातला ताल ऐकून आजचे नाचगाण्याचं संगीत करणारे थक्क झाले. कालच कुणीतरी करून ठेवलंय असं वाटावं, असा.

कॉव्हेंट्रीतल्या तिच्या घरावर २०१७ला निळी पाटी लागली. त्याच वर्षी तिथल्या विद्यापीठाने तिला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. आणि ‘डॉक्टर हू’? मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर २०१३ला, एक खास भाग दाखवला. त्याच्या शेवटी जी नावं सरकतात त्यांत धून करणारी म्हणून पहिल्यांदा डीलिया डार्बिशर हे नाव आलं. तिला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. भाच्याने मला तो तुकडा दाखवला. नाव इतक्या भर्रकन गेलं की मी त्याला तीनदा मागे घ्यायला लावलं.

यंदाच्या भजन स्पर्धेसाठी आम्ही त्याच कीबोर्डवाल्या मुलाला आमच्याकडे बोलावलंय (पळवलंय म्हणा हवं तर). कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे आहे. छापायला देण्याआधी त्याला फोन केला आणि म्हटलं, तुझं पूर्ण नाव सांग, आडनावासकट. तो आधी घाबरलाच. त्याला वाटलं, पैशांचं काहीतरी आहे.